भिंतीतील जीव : ओळख आणि बंदोबस्त

दगडमातीच्या जुन्या वाड्यात रात्री भिंतीतून खुडबुड ऐकू आली, म्हणजे ती निवारण्याची घाई कितीही झाली तरी, आत वास्तव्यास कोण आहे याची तपासणी केल्यावाचून बीळ बुजवू नये, हे गृहस्थाचे प्रथम कर्तव्य होय.

घूस : पायाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग, हिच्या पोखरण्याने पाया खचतो.

लहान उंदीर : तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या, सुमारे ६ मिलिमीटरची फट त्यास प्रवेशास पुरते.

चिचुंद्री : उग्र दर्प आणि चिकचिक आवाज, ती झुरळे व किडे खाते, म्हणून तिला अभय द्यावे.

साप : फटीत अडकलेली कात. उंदरांच्या मागावर येणारी धामण बिनविषारी; परंतु जहाल विषारी, निशाचर मण्यारही अशाच फटींचा आश्रय घेते, यास्तव हात न घालता जाणकार सर्पमित्रास पाचारण करावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग व धामण यांना संरक्षण आहे.

बंदोबस्त : विषप्रयोगाने प्राणी भिंतीतच मरून दुर्गंधी सुटते, म्हणून धान्य बंदिस्त ठेवावे, उंदीर पिंजऱ्याने धरावेत, आणि आत पिले उरली नाहीत अशी खातरजमा झाल्यावरच फटी जाळी व सिमेंटने बुजवाव्यात.