परत आलेला डबा

गुजरात सरकारने 2025 मध्ये कारखाना कायदा बदलून रोजच्या कामाचे तास 9 वरून 12 पर्यंत न्यायची मुभा दिली, ती बडोद्यातल्या पाणीगेटच्या आमच्या वाड्यातल्या जुन्या कामगारांना फार लागली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, कामगाराची लेखी संमतीही हवी. पण ठेक्यावरच्या माणसाने नाही म्हणायचं कुणाच्या जोरावर?

1907 ची अलेंबिक कंपनी, साठच्या दशकातली कोयली रिफायनरी, हा इतिहास बडोदेकरांना पाठ आहे. मला आठवतं ते नव्वदचं दशक. शेजारचे फोरमनकाका रात्रपाळीहून आले की चहा घेताना आपल्या माणसांबद्दलच बोलत. कुणाचा डबा तीन दिवस न उघडता परत जातोय, कोण सोमवारी हमखास दांडी मारतो, कोण बोलका गडी एकाएकी मुका झालाय. अशाला ते प्रेसवरून काढून आठवडाभर स्टोअरला बसवत. लागोपाठ दुसऱ्या पाळीला तर कुणालाच थांबू देत नसत. बोट प्रेसमध्ये जातं त्याच्या कितीतरी आधी माणूस खचलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. 2002 मध्ये आयपीसीएलसारखी सरकारी कंपनीही रिलायन्सच्या ताब्यात गेली. काकांच्या कंपनीने त्यांना पन्नाशीच्या आत घरी बसवलं. त्यांच्या जागी आलेल्याला वरचे विचारत ते फक्त मालाचा आकडा. हाताखालची माणसं दर दोन-तीन महिन्यांनी बदलत. डबा कुणाचा परत जातो हे बघायला होतं कोण? 500 कामगार असले की कल्याण अधिकारी हवा, असं 1948 चा कारखाना कायदा सांगत होता. मी पाहिलेले अधिकारी कँटीन आणि क्रिकेटच्या सामन्यांतच अडकलेले होते.

हे कारखान्यापुरतंच नाही. जुलै 2024 मध्ये पुण्यात एका बड्या लेखा कंपनीतली 26 वर्षांची मुलगी नोकरीला लागून चारच महिन्यांत वारली. कामाच्या ओझ्याने गेली, असं आईने कंपनीला लिहिलं, तेव्हा कुठे देशभर बोलणं सुरू झालं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे आणि तो भिंतीभिंतीवर लागायलाच हवा. पण फोन करायचा तो आधीच कोलमडलेल्या माणसाने! कामाचा बोजा आणि तास आधी सुधारा, वरिष्ठांना माणूस ओळखायला शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्येच सांगितलं. काका ते पगारात करत होते.

आता 12 तासांची मुभा दिलीच आहे, तर कारखाना निरीक्षकाने हजेरीपटात सलग पाळ्या शोधाव्यात, ठेकेदाराचा पटही तपासावा. आणि थकलेल्याला यंत्रावरून उठवायचा अधिकार फोरमनला लेखी द्यावा, त्या दिवसाचा पगार न कापता.