लाकूड म्हणजे नुसते द्रव्य नव्हे

आज एका प्राध्यापकाच्या कामाविषयी बोलायचे आहे, पण सुरुवात एका शब्दाने करू. ॲरिस्टॉटलने ‘द्रव्य’ या अर्थी जो ग्रीक शब्द वापरला, तो ‘हुले’. त्याचा मूळ अर्थ लाकूड. सुतार लाकडाचा पलंग करतो. लाकूड हे द्रव्य, पलंग हा आकार. ॲरिस्टॉटलचे म्हणणे याहून सूक्ष्म आहे, पण आपल्या मनात बसले ते एवढेच: द्रव्य मुके, आणि आकार देणारा माणूस.

आता लिआंगबिंग हू यांची कारकीर्द बघा. शिक्षण भौतिकशास्त्राचे, सुरुवातीचे संशोधन कार्बनच्या नॅनोनळ्यांवर. २००९ मध्ये, स्टॅनफर्डला असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी साध्या कागदाला या नळ्यांची शाई फासून त्यातून वीज खेळवली. कागद म्हणजे लाकडाचेच तंतू. तिथून हू झाडाकडे वळले.

पुढे मेरिलँड विद्यापीठात, २०१३ मध्ये, त्यांच्या गटाने सोडियमच्या बॅटरीचा प्रश्न घेतला. तिच्यातले कथिल चार्ज होताना फुगते, मग आकसते, शेवटी तडकते. त्यांनी कथिलाचा थर लाकडाच्या तंतूवर चढवला. तंतू मऊ, त्याने ताण सोसला. थराला सुरकुत्या पडल्या, पण तो टिकला.

२०१८ मध्ये त्यांनी लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात उकळले. तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन त्यातून थोडे निघून गेले, सगळे नाही. मग गरम दाबयंत्रात दाबले. जाडी सुमारे पाचव्या हिश्शावर आली, ताकद दहापटीहून वाढली. २०२१ मध्ये सेल्युलोजच्या साखळ्यांत तांब्याचे आयन बसवले. साखळ्यांमधली जागा रुंदावली आणि लिथियमच्या आयनांना वाट मिळाली. घन बॅटरीसाठी हे मोलाचे.

यात आकार बाहेरून आला का हो? तंतूंची रचना झाडाने स्वतःसाठी केली होती, पाणी चढवायला, वाऱ्यात उभे राहायला. हूंनी ती मोडली नाही, तिचा उपयोग करून घेतला. द्रव्य मुके नव्हते; आपण ऐकत नव्हतो.

पण इथे थांबून चालणार नाही. या सगळ्याला आपण ‘शाश्वत’ म्हणतो. आपल्या परंपरेत शाश्वत म्हणजे जे कधी नष्ट होत नाही ते. लाकूड तर कुजते, जळते! कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. ते जळले की तो पुन्हा हवेत. म्हणजे शाश्वतपणा वस्तूत नाही, वेगात आहे. झाड वाढायला काही दशके घेते, आपण ते किती दिवसांत संपवतो? उकळायला लागणारी उष्णता आणि ती रसायने कुठून येतात?

प्रयोगशाळा लाकूड पोलादाइतके बळकट करू शकेल. झाडाला लवकर मोठे व्हायला मात्र सांगता येत नाही. आपली भूक त्याच्या वेगाला जुळवून घ्यायची की नाही, हे ठरवणे आपल्याकडेच आहे.