स्फोटकाचा वास ओळखणारं प्लास्टिक

हडपसरमध्ये प्लास्टिकवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, कचऱ्याचा विषय आहे. तसं नाही. आज आपण स्फोटकांची वाफ ओळखणाऱ्या प्लास्टिकबद्दल बोलणार आहोत.

१३ फेब्रुवारी २०१० ची संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. इथून जवळच, कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बेवारस पिशवीचा स्फोट झाला. १७ माणसं गेली. पिशवी न उघडता आतलं कळलं तर? प्रश्न हा आहे.

टीएनटी या स्फोटकाची वाफ हवेत मिसळते, पण किती? हवेच्या एक अब्ज रेणूंमागे जेमतेम काही रेणू. म्हणजे एकेका रेणूचा परिणाम मोठा दिसायला हवा.

गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळा आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद! अमेरिकेतल्या एमआयटीचे टिमोथी स्वॅगर यांनी १९९० च्या दशकात साधारण हेच साधलं. चमकणाऱ्या रंगाचे रेणू सुटे असतील, तर टीएनटीचा एक रेणू त्यातला एकच विझवतो. त्यांनी पॉलिमरची लांब साखळीच चमकणारी बनवली. अतिनील प्रकाशातून मिळालेली ऊर्जा या साखळीत फिरते. वाटेत टीएनटीचा रेणू चिकटलेला असला, की तिथे ती वाया जाते आणि साखळीचा मोठा भाग अंधारतो. साखळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना ताठर, बोजड रेणूगट जोडले. त्या फटींतून वाफ आत शिरते. यातूनच ‘फिडो’ हे हातात धरायचं उपकरण तयार झालं.

आपल्या पुण्यातही, पाषाणच्या आयसरमध्ये, सुजित घोष यांच्या गटाने २०१३ मध्ये पिक्रिक आम्ल ओळखणारा चमकणारा पदार्थ मांडला. ते प्लास्टिक नव्हे, धातू आणि सेंद्रिय रेणूंची जाळी. पण खूण तीच, चमक विझण्याची.

आता अडचण बघा. चमक उन्हानेही मरते. मग विझलं म्हणजे स्फोटकच, असं कसं म्हणणार? म्हणून स्वच्छ हवा सोडून पाहायचं. टीएनटी निघून गेलं की चमक बरीचशी परतते. उन्हाने गेलेली परतत नाही. आणि आरडीएक्सची वाफ तर टीएनटीपेक्षाही कितीतरी कमी. तेव्हा पट्टी चमकत राहिली म्हणून पिशवीला हात लावायचा नाही. लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा.