घरातील साखरेचा हिशेब

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव. सभोवारच्या काळ्या रानात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही मुख्य पिके घेतली जातात. हा उसाचा मुलूख नव्हे. तथापि साखर मात्र येथील घरोघर पोहोचली आहे. पाहुणा आला की चहा, शेतावर माणसे लागली की चहा, लहान मूल रडू लागले की बिस्किटाचा पुडा, असा परिपाठ गावोगाव पडला आहे.

पूर्वी गोडधोड सणावारीच होत असे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे असे कारखाने वाढत गेले आणि महाराष्ट्र देशातील अग्रगण्य साखर उत्पादक राज्यांत गणला जाऊ लागला. साखर मुबलक झाली ही शेतकऱ्यांच्या कर्तृत्वाची गोष्ट होय. परंतु सणाची वस्तू नित्याची झाल्यावर तिचे प्रमाण ठरविणे हे प्रत्येक कुटुंबाचे काम झाले आहे.

अतिरेकाचे परिणाम

एक ग्रॅम साखरेपासून शरीरास सुमारे ४ कॅलरी मिळतात. तिच्यात प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत व तंतूही नाहीत. गरजेपेक्षा अधिक घेतलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते व वजन वाढते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्यामुळे दात किडतात. दिवसातून जितक्या वेळा गोड खावे तितक्या वेळा हे आम्ल तयार होते, म्हणून वारंवार गोड चघळणे दातांना विशेष घातक असते.

मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो असे नाही. आनुवंशिकता, वाढलेले वजन व श्रमाचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे आहेत. मात्र साखरेचा, विशेषतः गोड पेयांचा, अतिरेक या मार्गाने मनुष्यास लवकर नेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरवासीयांचा रोग आहे, हा समज आता सोडून द्यावयास हवा. मधुमेही शेतकऱ्याच्या पायाला धसकट लागले आणि जखम चिघळली, तर उभ्या हंगामात घरातील कर्ता माणूस अंथरुणास खिळतो.

हिशेब कसा करावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा साखरेतून यावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. दररोज २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत ही कमाल मर्यादा ५० ग्रॅम व इष्ट प्रमाण २५ ग्रॅम येते. यात गूळ, मध व फळांचा गाळलेला रस धरावा. सबंध फळातील व दुधातील नैसर्गिक साखर धरू नये.

रोज चमचे मोजीत बसण्याचे कारण नाही. महिन्याच्या किराण्यातील साखर व गूळ यांच्या वजनाची बेरीज करावी. तिला घरातील माणसांच्या संख्येने व नंतर ३० ने भागावे. समजा, पाच माणसांच्या घरात महिन्यास ६ किलो साखर व दीड किलो गूळ लागतो. एकूण साडेसात किलो. म्हणजे प्रत्येकी रोज ५० ग्रॅम. कमाल मर्यादा येथेच गाठली गेली. बिस्किटे, मिठाई, बाटलीतील पेये व बाहेरचा चहा यांतील साखर अद्याप या हिशेबात आलेलीच नाही. याच कुटुंबाने इष्ट प्रमाण पाळावयाचे ठरविले, तर सर्व मिळून महिन्यास पावणेचार किलो एवढेच गोड बसते. मुलांचा आहार लहान असल्याने त्यांचा वाटा याहूनही कमी धरावा.

गूळ व मध

गूळ मधुमेह्यास चालतो, असा समज ग्रामीण भागात दृढ आहे व तो हानिकारक आहे. गुळात लोह व इतर क्षार थोड्या प्रमाणात असतात हे खरे. परंतु त्याचा बहुतांश भाग साखरच असतो व तो रक्तातील साखर वाढवितोच. मधाचेही तसेच आहे. चहात साखरेऐवजी तितकाच गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही. एक वर्षाच्या आतील बालकास तर मध मुळीच चाटवू नये; त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बालकास गंभीर विषबाधा होण्याचा संभव असतो.

साखरेऐवजी वापरली जाणारी द्रव्ये

यांतील सर्वांत जुने सॅकरिन; ते १८७९ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत योगायोगाने सापडले. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट, तर सुक्रॅलोज सुमारे ६०० पट गोड असते. त्यांची अत्यल्प मात्रा पुरते व तीतून ऊर्जा जवळजवळ मिळत नाही. अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते, म्हणून ते उकळत्या चहात किंवा खिरीत घालू नये. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे.

ही द्रव्ये वजन कमी करण्याचा उपाय म्हणून वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. दीर्घकाळात त्यांचा तसा लाभ दिसून आला नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यास विचारून निर्णय घ्यावा. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेमची गणना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात झाली. मात्र त्यासाठीचा पुरावा मर्यादित आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही पूर्वीची सुरक्षित मर्यादा तज्ज्ञांनी तशीच ठेवली. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण निरोगी माणसास या गोळ्यांची गरजही नाही.

पॅराग्वे देशातील स्टीव्हिया या वनस्पतीच्या पानांपासूनही असे गोड द्रव्य काढतात. तिची लागवड करण्याविषयी शेतकरी बंधू विचारणा करीत असतात. हिला पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले तर रोप कुजते. शिवाय हिला गावच्या बाजारात गिऱ्हाईक नाही. खरेदीचा लेखी करार हाती असल्यावाचून या पिकात पैसा गुंतवू नये.

औषध घेणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

इन्शुलिन अथवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणारा माणूस उपाशीपोटी शेतात राबला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा द्यावी व नंतर जेवू घालावे. साखरेऐवजीची गोळी येथे निरुपयोगी आहे, कारण तिने रक्तातील साखर वाढत नाही. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. अशा व्यक्तीने शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी व सोबत्यांस आपल्या आजाराची कल्पना देऊन ठेवावी.

गावात काय करता येईल

चहातील साखर एकदम तोडू नये. दर आठवड्यास पाव चमचा कमी करीत गेल्यास जिभेस सवय होते. मजुरांना चहाबरोबर बिस्किटांऐवजी फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे द्यावेत. मुलांच्या हाती हंगामानुसार बोरे, पेरू, सीताफळ द्यावे. उन्हाळ्यात बाटलीतील पेयापेक्षा घरचे ताक उत्तम. पोळ्याची पुरणपोळी कोणी सोडावी असे नाही. रोजचे गोड आवरले म्हणजे सणाचे गोड निर्धास्तपणे खाता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत किराण्याची यादी घेऊन वरील हिशेब प्रत्यक्ष करून दाखवावा. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य घ्यावे, आणि तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाने आरोग्य उपकेंद्रात रक्तातील साखर तपासून घ्यावी असा आग्रह धरावा. शेतकरी बंधुभगिनींनो, बियाण्याची व खताची मात्रा आपण एकरी मोजून देता. पुढील महिन्याचा किराणा भरताना तेच मोजमाप साखरेच्या डब्यालाही लावून पाहावे.