जुने रूळ, नवे रूळ अन् छोटी आगगाडी

लोणी देवकर, प्रतिनिधी - पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकरहून कुर्डुवाडी जंक्शन फारसे दूर नाही. तेथून १८९७ मध्ये बार्शीपर्यंत ७६२ मिलिमीटर रुंदीची 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू झाली. मुख्य लोहमार्गाची रुंदी मात्र १६७६ मिलिमीटर. साहजिकच एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. वडिलांच्या काळातील खेळण्याचे रूळ माळ्यावरून काढून मुलाच्या नव्या संचाला जोडू पाहणाऱ्यांपुढे असाच पेच उभा राहतो. तो सोडविण्यापूर्वी काही गोष्टी तपासल्यास जुना ठेवा वाचतो आणि नवे इंजिनही सुरक्षित राहते.

मूळ गाडीच्या सुमारे ८७ पट लहान असलेल्या 'एचओ' प्रमाणाच्या गाड्या छंदिष्टांत सर्वाधिक प्रचलित आहेत. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. तेथील गाड्याही याच प्रमाणाच्या आहेत.

रुंदी एक, उंची वेगळी

'एचओ' रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते जुळले म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु रुळांच्या उंचीत फरक असतो. ही उंची इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 'कोड १००'चा रूळ सुमारे अडीच मिलिमीटर, तर 'कोड ७५'चा सुमारे १.९ मिलिमीटर उंच असतो. दोन्ही थेट जोडल्यास सांध्यावर पायरी तयार होते आणि डबे घसरतात. यासाठी खास जोडपत्ती मिळते. ती न मिळाल्यास बुटक्या रुळाखाली पुठ्ठ्याचा आधार देऊन दोन्हींचे माथे समपातळीत आणावेत. सांधा वळणावर नव्हे, तर सरळ भागातच ठेवावा. जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असल्याने ती बुटक्या रुळावर आतील खिळ्यांना घासते, हेही ध्यानात घ्यावे.

विजेची जात ओळखा

खरा धोका विजेचा. बहुतेक कंपन्यांच्या व्यवस्थेत दोन रूळ हे विजेचे दोन ध्रुव असतात आणि गाडी १२ व्होल्टच्या डीसी विजेवर धावते. जर्मनीच्या 'मार्कलिन'ची पद्धत निराळी आहे. तेथे दोन्ही रुळांचा ध्रुव एकच, तर दुसरा ध्रुव मधल्या बारीक टोकांतून मिळतो. या गाड्यांची दोन बाजूंची चाके विजेच्या दृष्टीने जोडलेली असल्याने ती दोन रुळांच्या मार्गावर ठेवताच शॉर्टसर्किट होते. त्यामुळे या दोन पद्धतींचे रूळ एकमेकांना जोडू नयेत.

एकाच कंपनीचे जुने-नवे रूळ मात्र जुळविता येतात. 'मार्कलिन'च्या जुन्या पत्र्याच्या 'एम' रुळांना १९९६ मध्ये आलेल्या 'सी' रुळांशी जोडणारा खास तुकडा मिळतो. गंजलेले सांधे वीज अडवतात. म्हणून रूळ पुसून घ्यावेत आणि जुन्या भागाला ठिकठिकाणी स्वतंत्र तारेने वीज द्यावी.

जुना ट्रान्सफॉर्मर नको

रूळ जुने चालतील, जुना ट्रान्सफॉर्मर नव्हे. त्या काळी २२० व्होल्टसाठी बनविलेले ट्रान्सफॉर्मर आजच्या २३० व्होल्टवर अधिक दाब देतात. 'मार्कलिन'च्या जुन्या गाड्यांची दिशा बदलण्यासाठी सुमारे २४ व्होल्टचा झटका दिला जाई. तो जास्त वाढला, तर नव्या डिजिटल इंजिनातील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो. शिवाय जुन्या तारांचे आवरण तडकलेले असल्यास लहान मुलांना ते घातक ठरते.

एवढे करूनही रूळ जुळले नाहीत, तर निराश होण्याचे कारण नाही. दोन स्वतंत्र मार्ग शेजारी मांडावेत आणि मध्ये एकच फलाट ठेवावा. एका गाडीतील माल दुसरीत चढविण्याची जबाबदारी मुलांकडे द्यावी. कुर्डुवाडीतही वर्षानुवर्षे हेच होत होते!