क्लच तेलातला आणि कोरडा

अनसिंगला मी गाड्या दुरुस्त करतो. परवा एका पोरानं विचारलं, "भाऊ, माह्या कारले रेसवाला मल्टिप्लेट क्लच बसवून देता का?" मी त्याच्या स्प्लेंडरकडे बोट दाखवलं. "अरे बाप्पा, मल्टिप्लेट तं तुह्या या गाडीत हायेच!"

कारमध्ये साधारणपणे एकच मोठी, कोरडी प्लेट असते. मोटरसायकलमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून लहान प्लेटा एकावर एक रचतात. घासणारे पृष्ठभाग वाढले की जोर पेलण्याची ताकद वाढते. १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० मध्येही हीच रचना होती. या प्लेटा इंजिनच्या तेलात बुडालेल्या असतात. म्हणून हाफ क्लचवरही गाडी अलगद निघते.

रेसच्या कारमधला क्लच बहुधा कोरडा. तो एकदम पकडतो. बाजाराच्या गर्दीत, बैलगाडीमागे गाडी धक्के देत चालते, हाफ क्लच धरला तर प्लेटा तापून जळतात. रोजच्या कारला तो मी बसवणार नाही.

मोटरसायकलवाल्यांना मात्र एक कळकळीची विनंती. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्यानं क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' ही तेलातल्या क्लचसाठीची खूण पाहूनच तेल घ्या.