संकटातून सावरलेला सोबती

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात आत्महत्येच्या विचारांनी छळलेल्यांसाठी ‘सेफ हेवन’ नावाची केंद्रे आहेत. आधी वेळ घ्यावी लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. तिथे बोलायला बसतो तो पिअर वर्कर. तो स्वतः अशा संकटातून गेलेला असतो आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेला असतो. तो निदान करत नाही, उपदेशही नाही, आधी ऐकतो. स्वतःचा अनुभव सांगतो तो समोरच्याच्या उपयोगापुरताच, आणि भर देतो सावरण्यावर. त्यामुळे समोरच्याची लाज आणि एकटेपण हलके होऊ शकते. ही सोबत उपचारांना पर्याय नव्हे, जोड आहे. जुन्या जखमा उघडू नयेत म्हणून या सोबत्यांनाही नियमित आधार लागतो.

भारतात ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही बोलता येते. मन जड झाले असेल तर संकोच न करता फोन करा.